फळेवालीचा चौथा रकाना

"पुसलंत का तिला? एकदा तरी तोंडावर पुसलंत?" आई विचारत होती.

"पुसायचं काय त्यात? चार तोंडं तेच सांगतायत," बाप म्हणत होता.

भांडण आत्यावरून होतं. तिला कुणीतरी कुणाबरोबर तरी पाहिलं म्हणे. कुणी, कुठे, कधी, ते धड कुणालाच सांगता येईना, पण घराचं दार तिला त्याच दिवशी बंद झालं. सात वर्षांची पोर शिडीखाली बसून ऐकत होती. पुढे कळलं, लोकांनी पाहिलेली बाई भलतीच होती, छत्री तेवढी सारखी. तोवर आत्या निघून गेली होती, ती परत आलीच नाही.

त्या पोरीची शाळा दुसरीत सुटली, आणि पस्तिशीत तिनं ती पुन्हा धरली, शिपाईण म्हणून. शाळेत सव्वीस फळे. रोज संध्याकाळी सगळे पुसायचे, ओल्या फडक्याचा एक हात फिरवायचा, आणि कोपऱ्यात उद्याची तारीख घालायची. पोरं तिला फळेवाली म्हणत. एकदा एका नव्या पालकानं फाटकात तिच्याकडे डझनभर केळी मागितली. ती म्हणाली, "फळं नाहीत हो, फळे आहेत. काळे, भिंतीला टांगलेले. देऊ एक बांधून?"

वाचायला ती शिकली पुसता पुसता. गणिताचा फळा तिला कधी कळला नाही. संगणकाच्या बाई आल्या, कालपरवाची पोर, त्यांचा फळा मात्र कळायचा. त्या मोठे चार रकाने पाडत. जे दिसलं, जे वाटलं, जे माहीत नाही, आणि चौथा, विचारायचं कोणाला. फोनवर काहीही आलं की पोरांनी आधी चार रकाने भरायचे, मग बोट हलवायचं. वर एक ओळ कायम असे: समोर उभं राहून म्हणायची लाज वाटेल, ते लिहूही नये.

"बाई, विचारायचं कशाला लिहिता एवढं लांब?" फळेवाली एकदा म्हणाली. "पुसायचं लिहा की. माझी आई तसंच म्हणायची."

बाई हसल्या. "मावशी, पुसायचं म्हणजे तर तुमचं काम!"

"मग सोपंच झालं." आणि त्या दिवसापासून चौथ्या रकान्यावर 'पुसायचं' आलं.

एका गुरुवारी सकाळी सुनेनं फोन पुढे धरला. पालकांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरत होता. आठवीतल्या इस्त्रीवाल्याच्या मुलीचं नाव, तिचाच फोटो, आणि खाली गणिताच्या सरांना असल्या शिव्या, की फळेवालीनं अर्ध्यातच वाचणं सोडलं.

"आई, तुम्ही पण पाठवा चार जणींना. सगळे पाठवतायत."

"तू पाठवलंस?"

"हो, म्हणजे... आलं म्हणून पाठवलं."

"ताप आला की तोही वाटत फिरतेस का?"

सून फणकारली, पण फळेवालीनं फोन सोडला नाही. वेळ पाहिली. मंगळवार, सकाळी अकरा वीस. आणि तिचा हात आपोआप कमरेच्या किल्लीकडे गेला.

शाळेत पोहोचली तर पोर ऑफिसबाहेरच्या बाकावर दप्तर कवटाळून बसलेली. इस्त्रीवाला शेजारी हात जोडून उभा. शाळा सोडल्याचा दाखला टाइप होऊन तयार होता, दुपारच्या सभेत हातात द्यायचा तेवढा बाकी. संगणकाच्या बाईंची नोकरी कच्ची, त्यांना गप्प बसायला सांगितलेलं.

"फळेवाली, संगणकाच्या खोलीत खुर्च्या मांडा," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि फळा स्वच्छ हवा."

खुर्च्या तिनं मांडल्या. मग खडू घेतला आणि चार रकाने पाडले. अक्षर वाकडं, वेलांट्या भलतीकडे, पण रकाने सरळ. पालक आले, मुख्याध्यापक आले, आणि फळ्याशी थबकले.

"हे काय? पुसा तो फळा."

"पुसते की साहेब. तुम्ही आधी पुसा, मग मी पुसते."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझं आहे. सगळ्या पोरांचे फोन सकाळी दहाला मी कपाटात ठेवते. या पोरीचाही. किल्ली पाचपर्यंत इथे." तिनं कंबर थोपटली. "शिव्या अकरा वीसच्या. एवढं दिसलं, ते पहिल्या रकान्यात. बाकी तुम्हाला वाटलंय, ते दुसऱ्यात. पोरीला कुणी पुसलं?"

फडकं फळेवालीनं पाठीमागे धरलं होतं. मग मागच्या रांगेतून गणिताचे सरच घसा खाकरून म्हणाले, "मंगळवारी अकरा वीसला... ती माझ्यासमोर फळ्यावर गणित सोडवत होती. चुकत होती, पण सोडवत होती."

पोरीला आत बोलावलं. ती इतकंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला विचारायचंच नाहीये."

दाखला तिथेच फाटला. दोन दिवसांनी कळलं, वर्गातल्याच एकीच्या, शाळा सोडलेल्या ताईनं हिचा सगळ्यांना उघडा ठेवलेला फोटो उचलून खोटं खातं काढलं होतं. लोक आता तिच्यावर धावले, तर फळेवाली पुन्हा आडवी. "तिलाही आधी पुसा. आणि तू गं," ती इस्त्रीवाल्याच्या पोरीला म्हणाली, "घराला कडी घालतेस ना? मग फोटोलाही घाल."

शाळेनं फळेवालीला कागद दिलाच: वरिष्ठांचा आदेश का मानला नाही, लेखी खुलासा करावा. तिनं चार रकाने आखले. दिसलं: साहेब रागावलेले. वाटलं: फळा पुसायची घाई आहे. माहीत नाही: घाई कसली. पुसायचं: साहेबांना. खाली सही. साहेबांनी तो कागद फायलीत घातला आणि फाईल बंद केली.

चार वर्षांनी ती निवृत्त झाली. निरोपाची भाषणं ऐकून घेतली आणि मग फडकं उचललं. सव्विसावा फळा संगणकाच्या खोलीतला, त्यावर बाईंचे चार रकाने. दारात मुख्याध्यापक उभे.

"मावशी, हा... ठेवायचा आहे का?"

"नाही. उद्या बाईंना जागा लागेल."

तिनं डावीकडून उजवीकडे पुसला, ओला हात फिरवला, कोपऱ्यात उद्याची तारीख घातली आणि किल्ली खिळ्याला अडकवली.