जास्त म्हणजे बेरीज

माझी धाकटी बहीण गडमुडशिंगीला दिलेली. घरची शेती, गोठ्यात म्हशी आणि एकच मुलगी. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. मला मूल नाही.

भाची चौथीत गेली आणि बहिणीचा फोन आला. "आक्का, पोरगीला शाब्दिक उदाहरणं अजिबात येईनात गं. नुसती बेरीज-वजाबाकी दिली की चटाचटा करती, आन् वाक्य दिसलं की रडाय लागती. शाळेत पोरं तुझ्याकडं शिकत्यात, मग हिला पण तूच बघ."

"रविवारी पाठवून दे," मी म्हटलं.

तिचे वडील तिला सकाळी मोटरसायकलवरून सोडून जायचे आणि संध्याकाळी न्यायचे. पहिल्याच रविवारी तिनं पुस्तक उघडलं, दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि थेट माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मावशी, अधिक का वजा?"

"वाचलंस का?"

"आकडे वाचले की."

माझ्या वर्गातली निम्मी मुलं असंच करतात. वाक्य म्हणजे त्यांच्या लेखी आकड्यांच्या मधली अडगळ. मी तिचं पुस्तक मिटलं, पेन्सिल काढून घेतली आणि म्हटलं, "ऐक. एका गोठ्यात सकाळी अठरा लिटर दूध निघालं. पाच लिटर घरात ठेवलं आणि बाकीचं डेअरीला घातलं. आता काय काय झालं ते तू मला सांग."

ती विचारात पडली. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "पाच लिटर घरात कशाला ठेवतील? आमच्यात दोनच ठेवत्यात."

"पावणे आले असतील."

"मग ठीक हाय. मग डेअरीला तेरा गेलं."

अधिक का वजा हे तिनं विचारलंच नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मला मात्र दिवसभर बरं वाटत राहिलं.

मग रविवार ठरूनच गेला. सगळ्यात जास्त वेळ आम्हाला 'जास्त' या शब्दानं खाल्ला. ताईकडे बारा बांगड्या आहेत, त्या धाकटीपेक्षा चारने जास्त आहेत, तर धाकटीकडे किती? ती म्हणायची, सोळा. जास्त म्हटलं की तिला मिळवायचंच असायचं. शेवटी मी कपाटातून माझ्या बांगड्यांचा डबा काढला. ती ताई झाली, मी धाकटी. तिनं बारा बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघून खुदकन हसली. "अगं मावशी, तुझ्याकडं कमीच असणार की! आठ!" त्यानंतर ती स्वतःच गणितं रचायला लागली. तिच्या गणितात आजी असायची, गल्लीतली कुत्री असायची, भांडणंही असायची. मी ती गणितं सोमवारी माझ्या वर्गात घालायची.

एका संध्याकाळी न्यायला वडील आले तर चप्पल घालता घालता ती म्हणाली, "मावशी, मी तुमच्यातच राहतो." मला इतकं कौतुक वाटलं, की मी लगेच बहिणीला फोन करून सांगितलं. ती हसली नाही. "भाजी करपाय लागली," म्हणाली आणि फोन ठेवला. मी त्याचा काही विचार केला नाही.

दिवाळीनंतर रविवार चुकायला लागले. एकदा म्हैस व्याली. एकदा पावणे आले. एकदा गाडी बिघडली. मी म्हणायची, असू दे, पुढच्या वेळी. मग एका रविवारी सकाळी भाचीनंच फोन केला. "मावशी, मला बरं न्हाय. ताप आलाय." आणि ती खोकली. मोठ्यानं, सलग.

तो खोकला माझ्या डोक्यातून जाईना. दुपारी जेवण उरकून मी आलेपाकाच्या वड्या केल्या, थोडी मोसंबी घेतली आणि गडमुडशिंगीची बस धरली.

बहिणीच्या सासूबाई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. "या की आक्का, अशा अचानक?"

"पोरीचा ताप कसा आहे?"

"ताप? कुणाला?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ती क्लासला गेलीया. यील आता. दिवाळीपासनं जातीया की गावातल्या क्लासला. तुमास्नी म्हाईत न्हाय व्हय?"

मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. थोड्या वेळानं भाची उड्या मारत दारात आली, मला बघून जागच्या जागी थांबली आणि तिची नजर आईला शोधायला लागली. तेवढ्यात मागच्या गोठ्यातून बहीण पदराला हात पुसत आली. तिनं मला बघितलं आणि काहीच झालं नसल्यासारखं विचारलं, "चहा टाकू?"

"राहू दे," मी म्हटलं. भाचीला जवळ बोलावलं. "क्लासमध्ये काय शिकवतात गं?"

तिनं पाढा म्हणावा तसं सांगितलं. एकूण म्हणजे बेरीज. उरले म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी म्हणजे गुणाकार. जास्त म्हणजे बेरीज.

"मग सांग. ताईकडे बारा बांगड्या आहेत, त्या धाकटीपेक्षा चारने जास्त आहेत. धाकटीकडे किती?"

"सोळा."

"बांगड्या घालून बघितल्या होत्या आपण. आठवतंय?"

"गोष्टीला लई वेळ लागतोय, मावशी. क्लासात मिनिटात उत्तर काढायचं असतंय." एवढं बोलून तिनं आईकडे बघितलं, आपण बरोबर बोललो का ते बघायला.

मी तिला आत पाठवलं आणि बहिणीला विचारलं, "फोनवर खोकायला तिला कुणी शिकवलं?"

ती एकदम म्हणाली, "मीच सांगितलं. मग काय करू? क्लासचं सांगितलं असतं तर तू रुसली असतीस."

"सांगून तर बघायचं होतंस."

"आक्का, तुला राग येणार, पण बोलतो. पोरगी घरला आली की मावशी असं म्हणती, मावशी तसं म्हणती. वर मावशीकडंच राहतो म्हणती. मी तिची आई हाय का न्हाय? तुला पोर न्हाय म्हणून माझीच..."

सासूबाईंचा शेंगा फोडणारा हात थांबला. मी पिशवी तिथंच ठेवली, चप्पल घातली आणि निघाले. मागून कुणी हाक मारली नाही.

या बहिणीच्या वेण्या मी घातल्या आहेत. आई कामावर जायची तेव्हा हिला मांडीवर घेऊन बाराखडी गिरवून घेतली आहे. 'तूच बघ' हे तिचेच शब्द होते. मुलगी तिची होती, रविवार बंद कर म्हणाली असती तर मी एक दिवस रडले असते आणि गप्प बसले असते. पण शेवटी तर तिनं स्वतः खोटं बोलायचे कष्टही घेतले नाहीत. ते काम पोरीला लावलं, आणि पोरीनं ते छान केलं. बसमध्ये मला क्लासचा राग येत नव्हता, सोळा या उत्तराचाही येत नव्हता. तो खोकला मला खरा वाटला होता, एवढंच आठवून आठवून तोंड कडू होत होतं.

वार्षिक परीक्षेत भाचीला चांगले मार्क पडले. बहिणीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली क्लासचे आभार मानले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी काही लिहिलं नाही. लग्नाकार्यात भेटलो तर जेवलीस का, एवढंच आम्ही विचारायचो.

पाचवीची शाळा सुरू झाली आणि बहिणीचा फोन आला. आवाज अगदी पूर्वीसारखा, मऊ. "आक्का, यंदाची उदाहरणं लांबलचक हाईत गं. एकाच गणितात एकूण पण असतंय आन् उरले पण असतंय. क्लासातलं काय चालंना. पोरगी परत रडाय लागली. रविवारी पाठवू?"

"पाठव," मी म्हटलं. "पण तू पण ये. तिच्याशेजारी बस. मी काय शिकवते ते समोर बघ, आणि नाही पटलं तर तिथंच माझ्या तोंडावर सांग."

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज झाला. "आन् म्हशींचं कोण बघणार?"

"ते तुझं तू ठरव."

"बघतो," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच रविवार गेले. दोघींपैकी कुणी आलेलं नाही. मी अजून फोन केलेला नाही, आणि करेन असं वाटत नाही.