न लिहिलेल्या कादंबरीचं परीक्षण

शशिकला खांबेट्यांना मी काकू म्हणते. चेन्नईत नुंगंबाक्कमला आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर त्या राहतात. छत्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात होत्या. बोलताना अडखळतात, अगदी लहानपणापासून. एखादं अक्षर ओठाशी येऊन अडून बसतं आणि समोरचा माणूस, बहुधा चांगल्या मनानं, तो शब्द स्वतःच म्हणून टाकतो. काकूंना हेच सगळ्यात जास्त लागतं.

बोलता येत नाही म्हणून त्या लिहितात. महिन्याभरात जे वाचलं, पाहिलं, त्याची टिपणं एका जाड वहीत. पुण्याहून भाचीनं पाठवलेल्या कादंबऱ्या, मंगळवारचे सकाळचे तमिळ सिनेमे, यूट्यूबवर ऐकलेली नाटकं, काहीही. एका सिनेमाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘खलनायक बोलण्याआधी चष्मा पुसतो, तेवढ्या वेळातच मी घाबरले. पुढची मारामारी नसती तरी चाललं असतं.’ मी गिंडीच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांचं काम बघते, माझा पुस्तकांशी संबंध बेताचाच. पण ती वही मी एका बैठकीत संपवली होती.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे तेव्हाचे चिटणीस वसंतराव. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, कुठल्याही कार्यक्रमात माईक आपोआप त्यांच्या हातात जायचा. दोन वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा ते भेटायला आले, वही चाळली आणि म्हणाले, "वहिनी, हे मंडळाच्या वार्तापत्रात यायला हवं. दर महिन्याला पानांचे फोटो मला पाठवत जा."

काकूंनी पाठवले. सदर सुरू झालं आणि खाली नाव होतं वसंतरावांचं.

पहिले दोन महिने काकूंनी चुकून झालं असेल असं स्वतःला समजावलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी काकांच्या शेवटच्या आठवड्यातलं टिपण पाठवलं होतं. पोटाच्या ऑपरेशननंतर काका हॉस्पिटलात होते, दोघं मोबाइलवर एक जुना विनोदी सिनेमा बघत होते. हसताना टाके ओढले जायचे, म्हणून काकूंनी तो थांबवला. काका म्हणाले, "चालू ठेव. दुखतंय ते माझंच आहे आणि हसूही माझंच." वार्तापत्रात तेच वाक्य छापून आलं. फक्त वसंतराव एका जिवलग मित्राच्या उशाशी बसले होते आणि वाक्य त्या मित्राचं होतं.

काकू त्यांच्या घरी गेल्या. वसंतरावांच्या पत्नी जयवंतीबाई चहा टाकायला आत गेल्यावर त्यांनी विचारलं. वसंतराव हसले.

"लोक नाव बघून वाचतात हो, वहिनी. आणि उद्या कुणी तुम्हाला बोलायला बोलावलं तर काय कराल? तुमचं एक वाक्य संपेपर्यंत चहा निवेल."

काकू चहा न घेता परत आल्या. जिन्यात मला भेटल्या तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता, म्हणजे भीती वाटावी इतका शांत. म्हणाल्या, "मी त्याला पा-पाठवत राहणार आहे, निधी. तो वाचत नाही. नुसतं उ-उतरवतो."

चार महिने त्यांनी नेहमीसारखी टिपणं पाठवली. पाचव्या महिन्यात त्यात एक कादंबरी होती, ‘सैल वादी’. लेखक तुळजाजी घाटगे, तंजावरचे मराठी, कुंभकोणमला छापलेल्या अवघ्या दोनशे प्रती. गोष्ट मृदंगाला कातडं चढवणाऱ्या एका कारागिराची. ज्या विद्वानानं त्याच्या बापाला भर मैफलीतून हाकललं, त्याचाच मृदंग दुरुस्तीला येतो. कारागीर त्याची एक वादी, कातडं ताणून धरणारी पट्टी, अशी ढिली ठेवतो की ऐन तनीआवर्तनात, मृदंगवादक एकटा वाजवतो तेव्हा, आवाज बसावा. काकूंनी दीड पान लिहिलं होतं. कातड्याचा वास, म्हाताऱ्याची बोटं, सगळं. वाचून मला ते पुस्तक हवंसं झालं.

"मिळणार ना-नाही," काकू म्हणाल्या. "असं पुस्तकच नाही."

मी म्हटलं, काकू, सरळ सगळ्यांना सांगा ना, वही दाखवा. त्यांनी मान हलवली. नुसतं चोर म्हटलं तर तो माफी मागेल, लोक जाऊ द्या म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांना माफी नको होती. त्यांना तो उभा हवा होता, माईकसमोर.

सदर छापून आलं आणि गाजलंही. तंजावरकडच्या घराण्यांतली चार-पाच कुटुंबं आमच्या मंडळात आहेत. त्यांना आपल्या माणसाची कादंबरी म्हणून अभिमान वाटला. त्यातल्या श्रीलक्ष्मी मामींनी पुस्तक मागितलं तर वसंतराव म्हणाले, एकच प्रत आहे, कुणाला तरी दिलीय. शेवटी वार्षिक संमेलनात त्या कादंबरीवर त्यांचं व्याख्यान ठरलं.

रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसं होती. वसंतराव चाळीस मिनिटं सुंदर बोलले. दीड पानावर त्यांनी स्वतःचंही बरंच चढवलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर काकू उठल्या. हॉलमध्ये चुळबुळ झाली. त्यांना कुणी कधी बोलताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही ले-ले-"

"लेखकाला? भेटलो ना," वसंतराव म्हणाले. "कुंभकोणमला, त्यांच्या घरी."

काकू घाई करत नव्हत्या. अक्षर अडलं की अडू देत होत्या आणि वसंतराव सवयीनं पुढे होत होते.

"त्यांनी तुम्हाला पु-पु-"

"पुस्तक स्वतः सही करून दिलं."

"मुख-मुखपृष्ठ..."

"निळं. त्यावर मृदंग."

मग काकूंनी पिशवीतून वही काढून श्रीलक्ष्मी मामींच्या हातात दिली. त्या पानावर लेखकासाठी सुचलेली पाच नावं होती, चार खोडलेली. पुस्तकाची सात नावं, सहा खोडलेली. मामींनी चष्मा लावून पान नीट बघितलं आणि वही शेजारच्या बाईंकडे दिली. रांगेरांगेनं ती पुढे गेली. वसंतराव माईक धरून उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांना कुणाचाही शब्द पुरा करता येत नव्हता.

"तुळजाजी घाटगे मी माझ्या स्व-" काकू थांबल्या. हॉलमध्ये कुणी मदत केली नाही. दहा सेकंद तरी गेले असतील. "स्वयंपाकघरात केला. आणि तो हॉस्पिटलातला माणूस माझा न-नवरा होता."

पुढच्या आठवड्यात वसंतरावांनी चिटणीसपद सोडलं. मंडळात येणंही सोडलं. महिन्याभरानं जयवंतीबाई काकूंकडे आल्या, मी तिथेच होते. म्हणाल्या, ते जेवत नाहीत नीट, खिडकीशी बसून राहतात. दोन ओळी लिहा, सगळी गंमत होती म्हणून.

काकूंनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. "गं-गंमत नव्हती," एवढंच बोलल्या. जयवंतीबाई रडल्या. काकू त्यांना रिक्षापर्यंत पोचवून आल्या.

मी विचारलं, वाईट नाही वाटत? त्यांनी थोडा विचार केला.

"पुस्तकांत सू-सूड घेणारी माणसं शेवटी एकटी पडतात. मी आधीच ए-एकटी होते. मला चांगली झोप लागते."

आता सदर त्यांच्या नावानं येतं. गेल्या महिन्यात मंडळानं त्यांना स्वतःच वाचायला बोलावलं. एक पान वाचायला त्यांना पाव तास लागला. मेट्रो गाठायची म्हणून काही जण मधेच उठले. काकूंनी वाचन थांबवलं, ते दारातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाकडे नीट पाहिलं आणि मग पुढची ओळ सुरू केली.