अकरा चेहऱ्यांतला एक

माझ्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे निव्वळ आठवडी बाजार होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं एकमेकांच्या अंगावर पडलेलं. कुठली फाइल कुठं आहे हे मला डोळे मिटून सांगता यायचं, म्हणून नावं देण्याचा कंटाळा. एका दुपारी मशीन तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं आणि पडदा आपोआप आवरून देणारं एक सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं.

त्यानं आधी सगळं रांगेत लावलं. मग विचारलं, एकसारखे फोटो बरेच आहेत, त्यांतला सर्वांत स्पष्ट ठेवून बाकीचे काढून टाकू का? मी हो म्हणालो. कचरापेटीही मीच रिकामी केली. मग स्वच्छ पडद्याकडे बघत चहा घेतला. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, पण काय ते ध्यानात येईना.

ते आठ दिवसांनी आलं. दारात एक बाई उभी होती, माझी जुनी गिऱ्हाईक.

त्र्याण्णव सालच्या सास्तूरच्या भूकंपात तिची आई गेली तेव्हा ती अंगावर पिणारी होती. घराबरोबर आईचा एकुलता एक फोटोही मातीत गेला. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ. त्यांच्यासाठी मी चेहरे तयार करतो. सख्ख्या भावंडाचा फोटो घ्यायचा, गेलेल्या माणसाला पाहिलेलं कुणीतरी शेजारी बसवायचं आणि ते सांगेल तसा चेहरा बदलत न्यायचा, प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवत. हिच्या मावशीला मी असं चार दिवस बसवलं होतं. "न्हाय, अक्काचं कपाळ एवढं मोठं नव्हतं." "हनुवटी अजून बारीक करा." अकराव्या चेहऱ्याला म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "व्हय. हीच." मी तिथंच थांबलो. गेल्या वर्षी ती मावशीही वारली.

"दादा, घर बांधलंय. रविवारी घरभरणी हाय," बाई म्हणाली. "देव्हाऱ्यातला बारका फोटो दिव्याच्या काजळीनं पार गेला. आईचा मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय."

ती बाकावर बसलेली असतानाच मी शोधलं. अकरांतला एकच उरला होता, आणि तो पहिला. मावशीचा स्वतःचा तरुणपणीचा, मी हातही न लावलेला. सगळ्यांत स्पष्ट तोच होता ना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "उद्या या."

दिवसभर त्या एका फोटोवर खपलो. कपाळ कमी केलं, हनुवटी ओढली. नाकाबद्दल म्हातारी काय म्हणाली होती? काही केल्या आठवेना, आणि विचारायला आता कुणी नव्हतं. शेवटी एक बाई तयार झाली. शांत, देखणी, कुणाचीही आई म्हणून शोभेल अशी. तिच्याकडे बघायची मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी बाईनं फ्रेम हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. मी उगाच काउंटर पुसत होतो.

"पहिल्यापरीस ही जास्त आईवानी दिसती," ती म्हणाली, आणि तिनं काचेवर कपाळ टेकलं.

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

फ्रेम जुन्या साडीत गुंडाळता गुंडाळता ती बोलत होती. आईच्या माहेरच्या एका म्हातारीचा पत्ता तिला आत्ता आत्ता लागला होता, ती आईबरोबरच लहानाची मोठी झालेली.

"तिला गाडी करून आणतेय. आईला बघून लई रडंल बघा. तुमीबी यायलाच पायजे, दादा. तिच्या शेजारीच बसवते तुमाला."

मी येतो म्हणालो. परवा रविवार आहे.