बिनकमिशनचं टेबल

पर्लिता मगबानुआ चर्चमध्ये प्रसाद घ्यायला पुढे गेली की नवखा फादर हमखास दचकतो. ती तो पातळ पापुद्रा जिभेवर ठेवते, दोन्ही हात एकमेकांवर हलके आपटते, बोटं फाकवते, तळवे छताला दाखवते आणि मगच बाजूला होते. फादरला वाटतं, बाईला काहीतरी दर्शन घडलं. कसलं दर्शन न् काय! सव्वीस वर्षं कॅसिनोत पत्ते वाटले बाईने. टेबल सोडताना हातात चिप लपवलेली नाही, हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सवय सुटली नाही. कांदा चिरून झाला तरी छताला तळवे दाखवते.

मी बिंग. अकरा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलामागे उभी होते आणि आता तिच्या शेजारच्या घरात राहते, म्हणजे माझी काही सुटका नाही. फिलिपिन्समधून ऑस्ट्रेलियात, डार्विनला आलेले आम्ही सगळे इलोइलोवाले तिला मनांग म्हणतो, थोरली बहीण. ती थोरली आहेच आणि ते विसरूही देत नाही.

नोकरीत असताना तिने कॅसिनोबद्दल चकार शब्द काढला नाही. निवृत्तीचा केक कापला आणि तिच्या तोंडाचं कुलूप उघडलं ते उघडलंच. रविवारी चर्चनंतर सगळे जेवायला बसलो की पान्सितच्या शेवया राहतात ताटात आणि हिचं सुरू.

"ब्लॅकजॅक लागला की पूर्वी दहाला पंधरा मिळायचे. आता दहाला बारा! आणि तुम्ही शहाणे काय बघता, तर टेबलाचं कापड नवं आहे!"

"मनांग, जेवू दे गं."

"जेव ना, मी काय तोंड धरलंय तुझं? तो तिकडे बसलाय ना, फुकट कॉफी मिळते म्हणून नाचत होता. काय रे, किती हरलास परवा? एकशे चाळीस? मग एकशे चाळीसची कॉफी प्यायलास. साखर तरी घातली होती का?"

लोक हसायचे आणि संध्याकाळी गुपचूप कॅसिनोत जायचे. तिला ते कळायचं. तिला राग आपल्या थट्टेचा यायचा नाही, लोक ऐकत नाहीत याचाही फारसा यायचा नाही. पण रुडी जायला लागला तेव्हा तिची झोप उडाली, कारण रुडी तिच्या धाकट्या बहिणीचा, नेनिताचा नवरा.

रुडीने तीस वर्षं कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. निवृत्तीचे साठ हजार डॉलर हातात आले होते. तिकडे मायदेशी, ग्विमारास बेटावर जमीन घेऊन ठेवलेली, सप्टेंबरची तिकिटं काढलेली, तीही फक्त जायची. तिथे घर बांधायचं आणि परत यायचं नाही. नेनिताने दोन वर्षं खोकी भरली होती: टॉवेल, तवे, डब्यातलं मांस, साबणाच्या वड्या. बैठकीच्या खोलीत माणसाला बसायला जागा नव्हती. आणि या गृहस्थाच्या डोक्यात आलं की साठाचे नव्वद केले तर वर एक मजला चढेल, समुद्राकडे तोंड करून. चार हजार घालवून झाल्यावर नेनिताला पासबुकातून पत्ता लागला. ती रडत मनांगकडे आली आणि मनांग पायात चपला न घालताच रुडीकडे गेली. मीही मागोमाग गेले, खोटं कशाला बोलू.

रुडी शांतपणे आंबा कापत होता.

"मनांग, चिडू नकोस. मी काही अडाणी नाही. कमिशनच्या टेबलाकडे मी बघतसुद्धा नाही. मी बिनकमिशनवाला."

"अरे माठ्या, ते तर त्याहून महाग!"

"पाटी लावलीय तिथे. एवढी मोठी. कमिशन नाही."

"पाटी वाचलीस, पाटीखालची ओळ कोण वाचणार, तुझा आजा?"

रुडीचा हा खेळ तसा पोराला समजेल एवढा सोपा. बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू, पत्त्यांची बेरीज नऊच्या जवळ जाईल ती बाजू जिंकली. आपण कुठल्याही बाजूवर लावायचं. बँकर किंचित जास्त वेळा जिंकतो, म्हणून जुन्या टेबलावर त्याच्यावर शंभर जिंकलात की पंचाण्णवच हातात पडतात. पाच कमिशन. नव्या टेबलावर पुरते शंभर देतात. फक्त बँकर सहाच्या बेरजेवर जिंकला तर पन्नास.

"सहा येतो कितीदा?" रुडी म्हणाला.

"अठरा-एकोणीस डावांत एकदा. तुझ्यासारखा बूड टेकून बसला तर तासाला तीन-चारदा. शंभर लावलेस की कमिशनच्या टेबलावर सरासरी एक डॉलर जातो, तुझ्या टेबलावर दीड."

"दीड डॉलर! दीड डॉलरसाठी तू अनवाणी पळत आलीस?"

"दर डावाला दीड, रे! आणि तू दिवसाला तीनशे डाव खेळतोस!"

रुडीने सुरी खाली ठेवली. "मनांग, एक विचारू? तुझं घर कोणाच्या पैशांवर झालं? तुला पगार कोण देत होतं? आम्हीच ना? तेव्हा बरी गप्प होतीस."

नेनिताने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता मनांग त्याच्या कानाखाली देणार. तिने नाही दिली.

"हो," ती म्हणाली. "तुमच्याच पैशांवर झालं. तुझ्यासारखी किती माणसं माझ्यासमोर साफ झाली, ते मला विचार. म्हणून तर घसा फोडतेय, मूर्खा."

आणि तिथल्या तिथे तिने पैज लावली. सहा रविवार, दुपारी दोन ते चार, तिच्या घराखालच्या मोकळ्या जागेत. आमची घरं खांबांवर असतात, खाली गाडी राहते, कपडे वाळतात आणि गावची भांडणं मिटतात. पैशांच्या जागी मूग. रुडीला पाचशे मूग द्यायचे, पत्ते मनांग वाटणार, नियम अक्षरशः त्या बिनकमिशनच्या टेबलाचे. सहाव्या रविवारी रुडीकडे पाचशेपेक्षा कमी उरले तर त्याने कॅसिनोत जाऊन स्वतःवर बंदी घालून घ्यायची. तशी सोय आहे. अर्ज भरायचा, फोटो द्यायचा, मग दारावरचा माणूसच आत सोडत नाही. आणि रुडी पुढे राहिला तर मनांगने या विषयावर जन्मभर तोंड उघडायचं नाही.

"म्हणजे मूग गिळून गप्प," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

पहिल्या रविवारी रुडी नव्वद मूग हरला. मनांग गुणगुणत जिना चढून वर गेली. तिचा थाट बघण्यासारखा होता. बिस्किटांच्या डब्यात पत्त्यांचे आठ कॅट, अंगात जुना काळा वेस्टकोट, बटणं लागत नव्हती तरी. रुडी पत्ता कोपऱ्यातून दुमडत, एकेक ठिपका बघत, वर फुंकर मारत उघडायचा. नको असलेले ठिपके उडून जावेत म्हणून फुंकर.

"थुंकू नकोस पत्त्यांवर. मला पुसावे लागतात."

"फुंकतोय मी."

"मग कोरडं फुंक."

दुसऱ्या रविवारी तो सत्तर परत जिंकला. तिसऱ्याला बरोबरी. चौथ्या रविवारी बँकर लागोपाठ नऊ वेळा जिंकला, त्यात एकदाही सहा आला नाही, आणि रुडीने प्रत्येक वेळी बँकरवरच लावलेलं.

मनांगची चूक मला तेव्हा दिसली, आणि माझीही, कारण पहिल्या दिवशी मलाही ती दिसली नव्हती. ही चूक पत्ते वाटणाराच करू शकतो. सव्वीस वर्षं तिने पाहिलं की शेवटी कॅसिनोच जिंकतो. पण कॅसिनोची टेबलं किती! दिवसरात्र चालू, एकावर माणूस जिंकतो तेव्हा शेजारच्या चारांवर माणसं बुडत असतात. इथे टेबल एक, माणूस एक, रविवार सहा. एवढ्याशा खेळात तो दीड टक्का काय करणार? एखाद्याचं नशीब सहा रविवार सहज टिकतं. मी तिला हळूच तसं म्हटलं, तर म्हणाली, "मला शिकवू नकोस, बिंग. चिप कशी धरायची ते मी शिकवलंय तुला."

सहाव्या रविवारी चार वाजता रुडीसमोर सहाशे चाळीस मूग होते. नेनिताने दोनदा मोजले. मग ती कपड्यांच्या दोरीखाली जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. तिची खोकी, तिचं घर, तिचं ग्विमारास, सगळं त्या मुगांत गेलं होतं.

रुडी खुर्चीवर मागे रेलला. "मनांग, आजपासून विश्रांती तुझ्या जिभेला."

मनांगने पत्ते गोळा केले आणि पिसायला लागली.

"अगं, संपलं," रुडी म्हणाला.

"अजून एक रविवार."

"सहा ठरले होते."

"एकच. आता फिरणार आहे. किती वेळ असं चालेल? फिरायलाच हवं." तिची बोटं थांबत नव्हती. "बरं, रविवार नको, आत्ताच खेळू. वीस डाव."

"मनांग," मी म्हटलं, "सोड आता."

"तू मध्ये पडू नकोस! रुडी, माझी गाडी लावते. वीस डाव. हरले तर गाडी तुझी, किल्ली आत्ता देते. आधीचं सगळं भरून निघेल, बघ तू. मला माहीत आहे, आता माझी पाळी आहे!"

तिने खरंच किल्ली टेबलावर टाकली. मानेपर्यंत लाल झाली होती, वरच्या ओठावर घाम, नजर डब्यावर. या बाईने आयुष्यात कधी एक डॉलर लावला नव्हता. मला तिची लाज वाटली, आणि मग भीती वाटली.

रुडी हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. त्याने किल्लीकडे बघितलं, तिच्या घामेजल्या तोंडाकडे बघितलं. मग मान वळवून त्याने विचारलं, "नेनिता, मी असा दिसतो का गं?"

नेनिताने वळून पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "तू याहून वाईट दिसतोस."

रुडीने किल्ली उचलून मनांगच्या वेस्टकोटच्या खिशात घातली. "मनांग, तो सहाचा नियम तुझ्या बाजूचा. कमीत कमी तुझ्याकडे तेवढं तरी आहे. तरी तुझी ही गत. माझ्याकडे काय आहे?"

"वीस डाव," मनांग म्हणाली, पण आवाज बसला होता.

"नाही."

सोमवारी सकाळी रुडी अर्ज भरायला गेला. पैज जिंकलेला माणूस हरलेल्याच्या गाडीतून गेला, गाडी मनांगनेच चालवली, मी मागे बसले. काउंटरवर आमच्या वेळची कॅथलीन होती. तिने रुडीचा फोटो घेतला, सही घेतली, किती वर्षांसाठी ते विचारलं. रुडी म्हणाला, जेवढी जास्त देता येतात तेवढी दे.

मग मनांग पुढे झाली. "अजून एक अर्ज दे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

कॅथलीन हसली. "पर्लिता, थट्टा करू नकोस. तू कुठे खेळतेस? कधीच खेळली नाहीस."

"काल दुपारी चारपर्यंत नव्हते खेळले," मनांग म्हणाली. "पेन दे."