धोंड्याच्या ताटात सुरण

आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस मी. म्हातारी म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द निघेपर्यंत चहावर साय येते. खरं आहे ते. पण गेल्या धोंड्याच्या महिन्यात एक साधा प्रश्न विचारायचा, तो मी विचारला नाही. आणि त्या न विचारलेल्या प्रश्नापायी मी आज हा असा तिरका बसलोय. हसू नका राव! चहा घ्या, सांगतो.

पल्लवी माझी नात. माझ्या सायकलीच्या दांडीवर बसून शाळेत गेलेली. आता लग्न होऊन पुण्याला असते. नवरा सूरजराव, मूळचे वालूरचे, कंपनीत कामाला. लग्नानंतर पहिल्यांदाच अधिक महिना आला. तिचे आईबाप, म्हणजे माझा लेक आणि सून, परभणीला राहतात, पण म्हातारीनं ठरवलं की धोंडा गावाकडंच करायचा. जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे वाढायचे, वरून तूप, अंगावर कपडे. पहिला धोंडा! त्यात उणंदुणं झालं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे?

पल्लवी आधी यष्टीनं आली. मागून सूरजराव आले, त्यांच्या गाडीवर. आता ती गाडी कशी सांगू? पुढं तोंड खाली घातलेलं, मागं शेपूट वर. डिवचलेला टोळ कसा बसतो, तशी. आमची आपली समजूत की गाडीवर माणूस बसतो. हिच्यावर माणूस पालथा निजतो! एवढ्या लांबून पालथं निजून आलेला जावई उतरला आणि कंबरेवर हात ठेवून "आईगं" म्हणाला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी अंगणात बाजेवर पडलो होतो. बघतो तर लिंबाखाली गाडी लोखंडी स्टँडवर उभी. चालू नाही, काही नाही. आणि जावई तिच्यावर बसून काय करावं? उजवं बूड सीटवरून बाहेर काढलं. थोडा वेळ तसंच लोंबकळले. मग परत मध्ये. मग डावं बूड बाहेर. परत मध्ये. तोंड आवळलेलं, कपाळावर घाम.

मी डोळे चोळले. तेवढ्यात त्यांना फोन आला. कानात ती वायर, त्यामुळं पलीकडचा माणूस काय म्हणतो ते मला ऐकू येईना. पण हे काय म्हणत होते ते शब्दन् शब्द ऐकलं.

"हो सर, रोज सकाळीच करतो. सकाळी मोकळं असतं ना."

मी कान टवकारले.

"नाही सर, पूर्ण बसलो की चुकतं. अर्धंच टेकवतोय. डावीकडं बरं आहे, उजवीकडंच त्रास होतो."

अरे देवा!

"कळलं सर. जोर लावायचा नाही. हळूहळू सोडायचं. एकदम सोडलं की सगळा घोटाळा होतो."

मी बाजेवर उठून बसलो.

"मागच्या वेळी लय घासलं गेलं, रक्तबी आलं. नाही नाही, पल्लवीला सांगितलं नाही. उगाच काळजी करती."

आता तुम्हीच सांगा. ह्याच्यावर कुणी काय समजावं? लेकराला मूळव्याध! आणि बिचारा बायकोपासून लपवतोय!

सरळ विचारायचं होतं, म्हणता? अहो, जावई तो! त्यात नातजावई. त्याच्यासमोर आम्ही टोपी नीट केल्याशिवाय पाणी पीत नाही. आणि त्याला विचारू, "का हो पाव्हणं, तुमचं बूड कामून दुखतंय?" माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

मी गेलो शिवअप्पांकडं. अप्पांचं किराणा दुकान आहे गावात. सकाळी लिंगाची पूजा करतात आणि दिवसभर लोकांच्या दुखण्यावर औषधं सांगतात.

"अप्पा, एका माणसाला असं असं होतंय."

"रक्त?"

"हाय."

"अर्धंच बसतो?"

"अर्धंच."

"मग इचारता काय? मूळव्याध! सुरण खाऊ घाला, ताक पाजा. गोड, तुपकट एकदम बंद. कोमट पाण्यात बसवा. आन् बसायला मोटारीची ट्यूब द्या, मधी भोक असतंय." मग अप्पा माझ्याकडं वाकून म्हणाले, "माणूस कोण?"

मी गप्प.

"जावई व्हय?"

मी आणखी गप्प. मी गप्प बसलो की गावाला सगळं कळतं, हे मला ह्या वयापर्यंत कळलं नव्हतं.

"कुणाला बोलू नका अप्पा."

"मी? माझ्या पोटातलं शंकरालाबी कळायचं न्हाई."

शंकराला कळलं का माहीत नाही, गल्लीला कळलं. दुपारपर्यंत घरात ताकाची रीघ लागली. जी बाई येई ती तांब्या ठेवी, जावयाकडं कळवळून बघे आणि "एवढ्या तरण्या वयात गं बाई" म्हणत निघून जाई.

सूरजराव मला म्हणाले, "आबा, गावात ताक लय प्रेमानं देतात."

"पिऊन टाका पाव्हणं," मी म्हणालो.

मी घमेलंभर पाणी कोमट केलं आणि न्हाणीत नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं बघतो तर जावई ते घमेलं उचलून लिंबाखाली घेऊन चाललेले.

"आबा, गाडी धुवायला पाणी गरम कामून केलं?"

"आराम पडतो."

"गाडीला?"

"सगळ्यालाच," मी म्हणालो. 

रात्री मी म्हातारीच्या कानात सांगितलं. ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. मग डोळे पुसले आणि माजघरातून जुन्या स्कूटरची ट्यूब काढली. मी तिच्यात हवा भरली. म्हातारीनं तिच्यावर आपला ठेवणीतला जरीचा खण शिवला. जावयाचा मान राहिला पाहिजे ना!

धोंड्याचा दिवस उजाडला. लेक आणि सून सकाळीच परभणीहून आले. मांडीला मांडी लावून सगळे बसले. रांगोळी, उदबत्ती. जावयाच्या पाटावर जरीची ट्यूब. सूरजरावांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून म्हणालो, "बसा, बसा." ते बसले.

ताटं आली. सगळ्यांच्या ताटात तुपात न्हालेले धोंडे. जावयाच्या ताटात भाकरी, सुरणाची भाजी आणि ताकाचा तांब्या.

सुनेच्या हातातली तुपाची वाटी जागीच थांबली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. जावयानं मुकाट्यानं घास घेतला. सुरणात चिंच कमी पडली होती. त्यांनी घसा खाजवला. ताक प्याले. परत घसा खाजवला. आणि त्यातच त्या जुन्या ट्यूबचा वॉल ढिला झाला.

फुस्सऽऽ

अगदी बारीक आवाज. सगळे ताटाकडं बघायला लागले. जावई हळूहळू खाली जात होते. मी डोळे मिटून घेतले.

"आबा!" पल्लवी उठून उभी राहिली. "हे काय वाढलंय?"

"बस पोरी. त्यायच्या भल्याचंच हाय."

"कशाचं भलं? पहिला धोंडा हाय माझा! वालूरला जाऊन काय सांगू? आज्यानं जावयाला सुरण खाऊ घातलं म्हणून?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी मला लहानपणापासून बघवत नाही. आणि मग मी, जन्मभर कमी बोललेला माणूस, जे बोलायला नको होतं तेच सगळ्यांसमोर बोललो.

"पाव्हणं, लाजू नका. मला सगळं ठाऊक हाय. अर्धं बूड टेकवून बसता. सकाळी मोकळं होतं. जोर लावला की घोटाळा होतो. रक्तबी आलतं, आन् पल्लवीला तुमी सांगितलं न्हाई. अवं, मूळव्याध कुणालाबी होती. माझ्या बापालाबी होती!"

 फक्त ट्यूब बोलत होती.

सूरजरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "आबा... मी गाडी शिकायलोय."

"गाडी तर येती की तुमाला!"

"वळणावरची शिकायलोय. आमचे सर फोनवर सांगतात. वळणावर गाडी झुकते ना? तेव्हा आपण आतल्या बाजूला अर्धं उतरून बसायचं. मग गाडीला कमी झुकावं लागतं, घसरत नाही. त्याला बॉडी पोझिशन म्हणतात."

"आन् मोकळं ते काय?"

"रस्ता, आबा!"

"हळूहळू सोडायचं?"

"ब्रेक!"

लेक पंचा तोंडावर धरून हलायला लागला. सून आत पळाली. म्हातारी माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. चला, नाक कापलं गेलं, पण लेकरू तर निरोगी निघालं! मी "धोंडे आणा" म्हणणार, तोच पल्लवीनं विचारलं,

"आन् रक्त?"

जावई गप्प. मी पण गप्प. आम्ही दोघं गप्प बसलो म्हणजे काय होतं, ते आता मला ठाऊक होतं.

"गुडघ्याचं होतं," सूरजराव हळू म्हणाले. "घाटात वळणावर घसरलो होतो. दिवाळीनंतर. म्हणून तर शिकायलोय."

"मला म्हणाला हापिसात जिन्यावर पडलो!"

ती ताट तसंच ठेवून बाहेर गेली आणि दारात पाठ करून बसली. जावयाचा हात भाकरीवर तसाच. बघा म्हणजे काय झालं! नसलेलं दुखणं मी शोधून काढलं आणि असलेलं भांडण जुंपून दिलं. तेही धोंड्याच्या ताटावर.

आता मला बोलून काही जमवता येत नाही, ते तर सिद्धच झालं होतं. मी उठलो, पोरीजवळ गेलो. "चल, ती रीत बघू तरी."

"मला न्हाई बघायची."

"बरं. मग मी बघतो. पाव्हणं, बसवा मला गाडीवर."

"आबा, तुम्ही?"

"बसवा म्हणलं ना!"

धोतराचा काचा मारला. जावयानं एका बाजूनं, लेकानं दुसऱ्या बाजूनं धरून मला त्या टोळावर चढवलं. गाडी स्टँडवर उभीच होती, पण मला वाटलं मी पिंपळाच्या शेंड्यावर बसलोय.

"हँडल ढिलं धरा आबा. घाबरून आवळायचं नाही. बाहेरची मांडी टाकीला घट्ट लावा. आता आतलं बूड हळूच खाली उतरवा. हां! आणि नजर चाकाकडं नाही, जिकडं जायचंय तिकडं. जिकडं नजर, तिकडं गाडी."

मला कुठं जायचं होतं? मी दाराकडं बघितलं. पल्लवीनं मान वळवली होती. चोरून बघत होती. ओठ आवळलेले, पण एक कोपरा जरासा हललेला. लहानपणी सायकलीवरून पडल्यावर रडायचं की हसायचं ते ठरत नसलं की अशीच बघायची.

मला तिला हसलेलं बघायचं होतं. मी आणखी थोडं बूड उतरवलं.

जिकडं नजर, तिकडं आबा!

धोतराचा सोगा गाडीच्या पायरीत अडकला, मांडी टाकीवरून सुटली आणि मी सरळ खाली. कशात? कोमट पाण्याच्या घमेल्यात! जावयानं गाडी धुवायला आणलेलं, ते तिथंच पडलं होतं. पाणी आता कोमट नव्हतं, आणि घमेल्याचा काठ मऊ तर कधीच नव्हता. माकडहाड असं वाजलं की लिंबावरचे कावळे उडाले.

कुडाच्या पलीकडून शिवअप्पांचं डोकं वर आलं. "म्हणलं न्हवतं का, पाण्यात बसवा! पण जावयाला बसवायचं हो, तुमी कामून बसलाव?"

आणि पल्लवी हसली. अशी हसली की दाराची चौकट धरावी लागली. हसता हसता धावत आली, एका हातानं मला धरलं, दुसऱ्या हातानं सूरजरावांना फटका मारला. "पुन्हा लपवलं ना, तर ह्याच घमेल्यात बसवीन. आन् नीट शिकल्याबिगर घाटात गाडी घालायची न्हाई. यष्टीनं जायचं."

"बरं," जावई म्हणाले. वळणावर कमी झुकायचं असतं, पण ते त्या वेळी पुरते झुकले.

मग परत ताटं मांडली. जावयाला धोंडे मिळाले, मागून मागून खाल्ले. पल्लवीनं त्यांच्या ताटातलं सुरण उचललं आणि माझ्या ताटात टाकलं. म्हातारीनं ट्यूबमध्ये पुन्हा हवा भरली आणि ती माझ्या पाटावर ठेवली. मी खाल्लं. घसा खाजला. 

पण परवाचं ऐका. परभणीला डॉक्टरकडं माकडहाड दाखवायला निघालो. यष्टीत चढलो, जरीची ट्यूब बाकावर मांडली, डावं बूड टेकवलं, उजवं बाहेर काढलं, एक पाय मधल्या वाटेत. पोखर्णीच्या वळणावर कंडक्टर आला. तिकीट फाडलं, ट्यूबकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"काय झालंय बाबा?"

भरल्या गाडीत बुडाचं कसं सांगायचं? मी जरा ताठ होऊन म्हणालो, "काही न्हाई. बॉडी पोझिशन हाय."

कंडक्टरनं मान हलवली. खाली वाकला आणि माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "आमच्या सासऱ्यालाबी तीच झालीया बाबा. लय वाईट दुखणं. सुरण खात जावा."