सीधी गर्दनवाली दीदी

दीदी माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी मान बघायच्या. अतिदक्षता विभागाच्या बाहेर नातेवाइकांसाठी लोखंडी बाकं होती. त्यांवर बसल्या बसल्या झोपलेल्या माणसांची डोकी वाट्टेल तशी लोंबकळत असत. दीदी तिथल्या परिचारिका. ड्यूटीवर येताना त्या ओळीसमोरून जात, मध्येच थांबत आणि एखाद्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून घागर तिवईवर ठेवावी तसं नीट ठेवून देत. एकदा लखनौजवळच्या बाराबंकीचे एक गृहस्थ यामुळे दचकून उठले आणि म्हणाले, "क्या हुआ दीदी, पिताजी ठीक हैं?" दीदी म्हणाल्या, "पिताजी ठीक हैं. आपकी गर्दन ठीक नहीं थी. सो जाइए." त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. बाकांवर मात्र त्या 'सीधी गर्दनवाली दीदी' होत्या, आणि हे नाव घेताना लोक आपोआप ताठ बसत.

मी त्या बाकावर पोहोचलो तो माझ्या बायकोमुळे. मी लखनौतल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या मुळांवर काम करून निवृत्त झालो. आम्हाला मूलबाळ नाही. इंदिरा नगरातल्या आमच्या घरात मराठी बोलणारी माणसं दोनच, मी आणि मालती, आणि बोलायचं काम मुख्यतः मालतीकडे. एका सकाळी ती स्वयंपाकघरात "डोकं फुटतंय हो" एवढंच म्हणाली आणि ओट्याला धरून खाली बसली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. ऑपरेशन झालं. सूज येणार म्हणून डॉक्टरांनी कवटीचं उजवीकडचं हाड काढून तिच्या पोटाच्या कातडीखाली ठेवलं. तिथे ते चांगलं राहतं, पुढे परत बसवता येतं. मालती शुद्धीवर असती तर या व्यवस्थेवर निदान आठवडाभर बोलली असती.

डॉक्टर कमी बोलणारे आणि सरळ होते. ते हिंदीत म्हणाले त्याचा अर्थ असा, "कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू सुजला की दाब वाढतो. दाब फार वाढला तर मेंदूला रक्त पोहोचत नाही. हाड काढून थोडी जागा केली आहे; आता सूज उतरेपर्यंत दाब वाढू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे." म्हणजे मालती जगणार की नाही हे त्या सुजेवर अवलंबून होतं. डोक्यातून एक तार बाहेर आली होती, ती दाब मोजायची, आणि पलंगामागच्या यंत्राच्या पडद्यावर तो आकडा दिसायचा. मी आयुष्यभर यंत्रांवरचे आकडे वाचले, पण इतक्या भक्तिभावानं कधीच नाही.

तो आकडा खाली ठेवणं हे दीदींचं काम, आणि ते करताना त्या हुकूमशहा होत. पलंगाचा वरचा भाग उचललेला, मान नाकाच्या रेषेत सरळ, म्हणजे डोक्यातलं रक्त मानेच्या शिरांतून विनाअडथळा खाली उतरेल. श्वासाची नळी बांधायची पट्टी मानेभोवती घट्ट नको. ताप नको, खोकला नको, आवाज नको. मालतीच्या डोक्यावरच्या पट्टीवर त्यांनी जाड पेनानं हिंदीत लिहिलं होतं, 'इधर हड्डी नहीं है', म्हणजे कूस बदलताना कुणी त्या बाजूला दाबणार नाही. मी मराठी आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवशीच्या नव्या पट्टीवर त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: 'इकडे हाड नाही'. वॉर्डात ती ओळ वाचून समजणारे आम्ही दोघंच होतो. मी त्यांना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "ताई उठल्या का वाचतीन ना."

मी मराठी आहे हे त्यांना माझ्या फोनमुळे कळलं. साताऱ्याच्या भावाशी मी बाकावर बसून बोलत होतो. फोन ठेवला तर समोर दीदी. "काहून हो भाऊ, इतके दिवस झाले, अन् तुम्ही मराठी असून मले सांगत नाही?" मी म्हटलं, तुम्ही तरी कुठे सांगितलंत? त्या अमरावतीकडच्या. नवरा रेल्वेत, बदली होऊन लखनौला आला आणि काही वर्षांनी इथेच वारला. मुलगा बंगळुरात. "मराठी समजते त्याले सारी. मी म्हणते जेवला का रे, तो म्हणते हाँ मम्मी, खा लिया." निशातगंजात एका खोलीत त्या एकट्याच राहत. वऱ्हाडी आणि लखनवी हिंदी यांचं त्यांच्या तोंडात जे मिश्रण होतं ते दोन्हीकडच्या शुद्धिवाद्यांना सारखंच दुःख देणारं होतं. मला मात्र त्या दिवसांत त्याच्याइतकं गोड काही ऐकू आलं नाही.

त्यांचं एक वाक्य सगळ्या परिचारिकांना पाठ होतं: "एका टायमाले एकच तरास." बेशुद्ध माणसाला स्पंज करायचा असतो, कूस बदलायची असते, नळीतून कफ ओढून काढायचा असतो. घाईत असलेली माणसं हे सगळं एका दमात उरकतात. प्रत्येक गोष्टीनं डोक्यातला दाब थोडा चढतो, आणि एकावर एक केल्या तर उतरायला वेळच मिळत नाही. दीदी एक काम करत, हात मागे बांधून पडद्याकडे बघत उभ्या राहत, आकडा खाली आला की मगच दुसरं. कुणी नवीन मुलगी म्हणाली, "दीदी, हो गया, अगला कर लें?" की उत्तर यायचं, "तुझे जल्दी है, इनको नहीं है." डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या तपासण्याआधी त्या मालतीला सांगत, "ताई, उजेड पाडते हं." उत्तर येणार नाही हे माहीत असूनही क्षणभर थांबत. मी सभासमारंभांतून बरीच सभ्यता पाहिली आहे. तिच्यात हे थांबणं नसतं.

सूज उतरवायला एक औषध शिरेतून देत. ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. त्यामुळे आमच्या आशेचं ठिकाण पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी हे होतं. दीदी दारातून डोकं काढून, मुलगा पास झाल्यासारख्या चेहऱ्यानं पण कुजबुजत सांगायच्या, "भाऊ, आज लघवी मस्त झाली!" आणि मी ती बातमी साताऱ्याला फोन करून कळवायचो. भाऊ शिक्षक होता. तो गंभीरपणे म्हणायचा, "अभिनंदन."

लखनौमध्ये आजारी माणसाला भेटायला जाणं हा शिष्टाचार आहे, आणि मोठ्या माणसानं भेटायला जाणं हा कार्यक्रम. माझ्या संस्थेशी एके काळी संबंध आलेले एक सचिवसाहेब एका सकाळी आले. पुढे बंदूकधारी, मागे पुष्पगुच्छ उचललेला शिपाई, त्याच्यामागे फोनवर फोटो काढायला एक गृहस्थ. दीदी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहब, अंदर जगह नहीं है." साहेबांनी काचेतून पाहिलं. "सब तो खाली दिख रहा है!" दीदी म्हणाल्या, "कमरे में नहीं साहब. इनकी खोपड़ी में जगह नहीं है. आप लोग बोलेंगे, तो वहीं जाकर लगेगा." साहेब मुळात वाईट नव्हते. ते पुष्पगुच्छासकट बाकावर माझ्याशेजारी बसले. बंदूकधारीही बसला. थोड्या वेळानं त्याला डुलकी लागली, आणि दीदींनी जाता जाता त्याचीही मान सरळ केली.

सत्तेला अडवणं सोपं होतं. मायेला अडवणं कठीण. मालतीची एक जुनी मैत्रीण होती, आमच्या देशपांडे वहिनी. भेटण्याची दहा मिनिटं मी एके दिवशी त्यांना दिली. पलंगावर मालतीचं डोकं उशीशिवाय, नुसत्या गादीवर पाहून त्यांना भरून आलं. शाळेतल्या मुलीसारखी वेणी घालणारी बाई, आणि तिला साधी उशी नाही! शेजारच्या रिकाम्या पलंगावरची गुबगुबीत उशी उचलून त्यांनी ती हळूच मालतीच्या डोक्याखाली सारली, पदरानं तिचं कपाळ पुसलं आणि बाहेर आल्या. हनुवटी छातीला टेकली, मान दुमडली, पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि यंत्र ओरडायला लागलं. दीदी धावल्या. उशी निघाली, मान सरळ झाली, औषध वाढवलं, आकडा हळूहळू उतरला. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता ही बाई मला फाडून खाणार. दीदींनी त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही काही वाईट नाही केलं जी. मायेनंच ठेवली. आमच्या वॉर्डात दाब मायेनंच जास्त वाढते."

त्यानंतर आत जाणारा मी एकटाच उरलो, तोही दिवसातून थोडा वेळ. "काय बोलू?" मी विचारलं. दीदी म्हणाल्या, "घरी बोलता तसंच. पण हळू. अन् भांडू नका, रडू नका, प्रश्न विचारू नका. उत्तर द्याले त्यायले ताकद लागते." प्रश्न न विचारता बायकोशी बोलायचं म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत कळलं. आमचा सारा संसार 'चहा टाकतेस का' आणि 'किल्ल्या कुठे ठेवल्यास' यांवर उभा होता. मी कानाशी जाऊन कुजबुजायचो, आज ऊन आहे, आज दूधवाला उशिरा आला. मग बाहेर येऊन बसायचो, मग मेट्रोनं घरी. घरी कुलूप उघडताना आतून कुणी विचारत नसे, एवढा उशीर का.

एका दुपारी मी बाकावर होतो. सकाळपासून आत धावपळ होती आणि मला कुणी आत घेतलं नव्हतं. दीदी दारात आल्या आणि त्यांनी मला हाक मारली. खूण केली नाही, कुजबुजल्या नाहीत, भर आवाजात म्हणाल्या, "भाऊ, या." त्या दारात त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं ते मला आधीच कळलं होतं. सूज परत वाढली होती, सगळी औषधं देऊन झाली होती, दोन्ही बाहुल्या उजेडाला उत्तर देत नव्हत्या. दीदींनी पलंगाभोवतीचा पडदा ओढला, स्टूल सरकवलं. "बसा. आता घाई नाही. मोठ्यानं बोललं तरी चालते आता. विचारायचं असंल ते विचारा." इतके दिवस याच परवानगीची वाट पाहत होतो. मी मालतीचा हात हातात घेतला आणि मला एकच सुचलं. मी म्हटलं, "अगं, सिलिंडर आला. जुना परत दिला. बरोबर केलं ना?" पडद्याबाहेर दीदी उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत आणि कुणाला येऊही दिलं नाही.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. लखनौच्या मराठी मंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्ष रेल्वेतले निवृत्त अधिकारी होते आणि अजूनही कुठल्याही खोलीत तपासणीला आल्यासारखे शिरत. मालती ही मंडळाचा आधारस्तंभ होती असं त्यांनी सांगितलं. मालती मंडळात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पुरणपोळीसाठी. चौदाव्या दिवसापासून डबे थांबले, फोन विरळ झाले, आणि मग एका रविवारी फाटकाशी दीदी. साध्या साडीत मी त्यांना आधी ओळखलंच नाही. "गर्दीत येऊन काय करू जी?" त्या म्हणाल्या. पिशवीतून ज्वारीचं पीठ निघालं, अमरावतीहून कुणीतरी आणलेलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी त्या अधूनमधून येत. चहा घेत, पंखा खूप आवाज करतो म्हणत, तासभर बसून निघून जात. एकदा मी म्हटलं, तुम्ही फार काही बोलत नाही. त्या म्हणाल्या, "बोलाले नाही येत मी. मराठीत बसाले येते."

मग काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात अधीक्षकांनी त्यांना सेवेची मूर्ती म्हटलं, शाल दिली, आणि फोटोसाठी तीच शाल दोनदा पांघरवली, कारण पहिल्या वेळी फोटोग्राफर समोसा खात होता. दीदींनी भाषण केलं नाही. मुलाकडे जायचं नाही, गावी भावाच्या घरामागे एक खोली आहे तिथे राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना पोहोचवायला स्टेशनवर मी एकटाच होतो. सामान फार नव्हतं. गाडीत त्यांची जागा लावून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि खिडकीपाशी उभा राहून मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं.

"दीदी, मालती जाणार हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "कळलं असं नाही म्हणणार मी. पण वाटलं होतं जी. पहिल्याच आठवड्यात."

"मग एवढं सगळं का केलंत? ते एकेक काम थांबून थांबून, उजेड पाडते म्हणून सांगणं... कशासाठी?"

दीदींनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डातल्या नव्या मुलीनं अगदीच बावळट काही विचारल्यावर बघत तसं.

"काहून म्हंजे? तवा त्या होत्या ना."

गाडी हलली. हात हलवायचं लक्षात येईपर्यंत त्यांचा डबा पुढे गेला होता.

मी मेट्रोनं इंदिरा नगरला आलो. खाली ई-रिक्षा उभी होती. तिचा चालक म्हणाला, "अंकल, अकेले हैं?"

"हाँ," मी म्हटलं, "अकेला हूँ."

"तो बैठिए. दो-तीन सवारी और आ जाएँ, फिर चलते हैं."

मी बसलो.