तुळशीचा कुरडू आणि कोरा चहा

सकाळपासून झिमझिम धरली होती. आवणीची माणसं कंबरेत वाकून चिखलात भाताची रोपं खोचत होती, आणि तुळशी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बांधावर कुरडूच्या रानभाजीचे कोवळे शेंडे खुडत होती.

"तुळशे, शेत इकडं हाय गो!" शेजारची बुधीबाई ओरडली.

"तुझी आवणी उद्या पण होईल. माझ्या सुनेचं रक्त आज मोजायचंय."

सून दक्षा, सातवा लागलेला. पंधरा दिवसांमागं रक्त आठ भरलं होतं. जयश्री सिस्टर म्हणाल्या होत्या, असंच राहिलं तर बाळंतपण कासाच्या दवाखान्यात नाही, लांबच्या मोठ्या इस्पितळात. कासा म्हणजे जीपनं अर्धा तास. तुळशीला रोज डबा नेता आला असता. त्या लांबच्या ठिकाणी नातवंडाचं तोंड कधी बघायचं?

शिवाय हा तिच्या भाज्यांचा अपमान होता. पाड्यातली बाई दिसली की तुळशी सुरूच: टाकळ्यानं अंगाची खाज जाते, कुरडूनं पोट साफ, शेवग्याच्या पाल्यानं रक्त चढतं. समोरचीची चूल पेटायची असली तरी सुटका नाही. मग घरच्या सुनेचं काय? पंधरा दिवस ताटात भाकरी कमी, पाला जास्त.

"आई, मी आता बकरी झाले," दक्षा म्हणायची.

"बकरीला कधी रक्त कमी पडलेलं बघितलंस?"

अंगणवाडीत सिस्टरांनी बोटाला सुई टोचली. तुळशी छाती काढून उभी. आकडा आला आठ पूर्णांक एक.

"यंत्र बिघडलंय," तुळशी म्हणाली.

सिस्टरांनी दक्षाकडं बघितलं. "गोळी घेतेस?"

"रोज."

"कशाबरोबर?"

दक्षानं सासूकडं हळूच पाहिलं. "चहाबरोबर. आई म्हणतात, पाण्यानं घशात अडकते. आणि जेवल्यावर परत गिलासभर कोरा."

"अहो मावशी!" सिस्टर हसायलाच लागल्या. "भाजीतलं, गोळीतलं लोह अंगी लागायच्या आत तुमचा चहा धरून ठेवतो त्याला. भाजी द्याच, वर लिंबू पिळा. पण नुसत्या पाल्यानं एवढी तूट भरत नाही. गोळी पाण्याबरोबर, आणि चहा जेवणापासून दोन तास लांब."

"दोन तास? तोवर माणूस जगतं का?"

बातमी तुळशीच्या आधी शेतात पोचली. "काय वैदीणबाई, चहाला येऊ का?" बुधीबाईनं विचारलं.  घरात चहा उकळला की दक्षाला राहवायचं नाही, म्हणून संध्याकाळी तुळशीनं पत्तीचा डबा उचलून बुधीबाईकडंच ठेवायला दिला. "मी मागितला तरी देऊ नको."

तिसऱ्या दिवशी तुळशीच गुपचूप मागायला गेली. बुधीबाईनं दिला नाहीच. उलट त्यातल्याच पत्तीचा चहा समोर बसून फुर्र फुर्र करत पिऊन दाखवला.

महिन्यानं आकडा साडेनऊ.

"असंच चालू ठेवलंत तर कासालाच," सिस्टर म्हणाल्या.

"बघितला माझा कुरडू?"

"आणि गोळी?"

"गोळी पण. कुरडू आधी."

"आणि लिंबू," दक्षा म्हणाली.

संध्याकाळी बुधीबाई डबा परत घेऊन दारात आली. तुळशीनं घाईनं झाकण उघडलं. तळाशी चिमूटभर पत्ती.

"राखण केली ना मी," बुधीबाई म्हणाली.

तुळशीनं तिच्याकडं एकदा बघितलं, सूप पुढं ओढलं आणि दक्षाच्या भाजीसाठी निबर झालेल्या कुरडूतली कोवळी पानं निवडायला बसली.